मोठा पैसा काय करतो आणि आपण फोनवर काय करतो

तुमच्यातले बरेचजण हे दिवा-रोहा गाडीत नाहीतर कंपनीच्या बसमध्ये ऐकत असाल, असं धरून चालते. मी वरसे गावातून बोलतेय. रोह्याला लागून आमचं गाव, आणि जवळच धाटावची एमआयडीसी. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. मी सेबीकडे नोंदणी केलेली सल्लागार नाही, त्यामुळे 'हा शेअर घ्या, तो विका' असलं काही आज मिळणार नाही. आज बघायचंय, आशियातला मोठा पैसा कसा गुंतवला जातो आणि त्यातून महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणाऱ्याने काय घ्यायचं.

आधी शब्द समजून घेऊ. अ‍ॅसेट मॅनेजमेंट. भिशीत आपण ओळखीच्या दहा जणांचे पैसे एकत्र करतो. इथे कोट्यवधी अनोळखी लोकांचे पैसे एकत्र होतात आणि ते कुठे लावायचे हे ठरवायला पगारी माणसं बसलेली असतात. बस, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? पगाराची स्लिप उघडा. समजा मूळ पगार १५,००० आहे. त्यातले १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमचे पीएफला कापले जातात. कंपनीही १,८०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला २,३५० रुपये. ऑगस्ट २०१५ पासून पीएफ संघटना नव्याने येणाऱ्या पैशातला काही भाग शेअर बाजारात लावते. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, पुढे १० आणि २०१७ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत मर्यादा गेली. या हिशेबाने तुमच्या २,३५० मधले साधारण ३५० रुपये शेअर बाजारात जाऊ शकतात. म्हणजे प्लँटमध्ये शिफ्ट करणारा माणूस, त्याला माहीत असो-नसो, गुंतवणूकदार आहेच.

आणि हा पैसा जातो कसा? पीएफ संघटना 'कुठला शेअर उद्या उडेल' हे शोधत बसत नाही. ती मुख्यतः निफ्टी ५० आणि सेन्सेक्सचे ईटीएफ घेते. निर्देशांकात जेवढ्या कंपन्या, त्या सगळ्या, ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात. महिन्यामागून महिने तेच.

इथे रोह्याचा एक धागा सांगते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आपले सी. डी. देशमुख, यांचं बालपण रोह्यात गेलं. रोह्याच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, जानेवारी १९५६ मध्ये, आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्यातून त्याच वर्षी एलआयसी उभी राहिली. गावोगावच्या हप्त्यांचे पैसे एका मोठ्या तलावात जमा होऊन देशात गुंतवले जाऊ लागले. मग १९६४ मध्ये युनिट ट्रस्टची 'यूएस-६४' योजना आली, १९९३ पासून खासगी म्युच्युअल फंड आले. मे २०१४ मध्ये सगळ्या म्युच्युअल फंडांकडे मिळून १० लाख कोटी रुपये होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते ५० लाख कोटींच्या पुढे गेले. नुसत्या एसआयपीतून ऑक्टोबर २०२४ मध्ये एका महिन्यात २५,००० कोटींच्या वर रक्कम आली.

आता जरा आशियात फिरून येऊ. जपानमध्ये जीपीआयएफ नावाचा सरकारी पेन्शन फंड आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. २०१४ पर्यंत त्याचा बहुतेक पैसा जपानी सरकारी रोख्यांत असायचा. मग त्यांनी धोरण बदललं. २०२० पासून त्यांची मांडणी इतकी सोपी आहे की रिक्षाच्या पाठीमागे लिहिता येईल: २५ टक्के जपानी रोखे, २५ टक्के परदेशी रोखे, २५ टक्के जपानी शेअर, २५ टक्के परदेशी शेअर. आणि शेअरमधलाही बहुतांश पैसा निर्देशांकाच्या मागे जातो.

हाँगकाँगची गोष्ट तर भारीच आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आशियाई संकटात बाजार सावरायला तिथल्या सरकारने स्वतः शेअर विकत घेतले. मग ते परत कसे विकायचे? एकदम विकले तर बाजार कोसळणार. म्हणून नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांचा एक इंडेक्स फंड करून तो सामान्य लोकांना विकला. ट्रॅकर फंड. आपल्याकडे असा पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, २००२ च्या सुरुवातीला बाजारात आला.

तर मोठ्या पैशाचा कल हा असा आहे. स्वस्त, पसरलेला, कंटाळवाणा.

आणि आपण? आपण चहाच्या सुट्टीत फोनवर ऑप्शन घेतो.

भावाच्या ग्रुपमधला एकजण मला म्हणाला, "ताई, तू कॉम्प्युटरवाली ना? मला एक बॉट बनवून दे, एक्सपायरीच्या दिवशी आपोआप ट्रेड करणारा." मी म्हटलं, "अरे, बॉट बनवता येईल. पण तो जिंकणार कुणाविरुद्ध?"

हा प्रश्न गंभीर आहे, म्हणून आकडे ऐका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तोटा झालेल्यांचा सरासरी आकडा माणशी सुमारे २ लाख. ट्रेड करणाऱ्यांत ३० वर्षांखालचे ४३ टक्के, आणि चारातले तीन वर्षाला ५ लाखांपेक्षा कमी कमावणारे. म्हणजे मंडळी, हा अभ्यास आपल्यावरच आहे.

मग पैसा गेला कुठे? ऑप्शनमध्ये एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा. २०२३-२४ मध्ये खर्च धरायच्या आधी सामान्य लोकांचे सुमारे ६१,००० कोटी गेले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या ब्रोकर कंपन्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले. या दोघांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोरिदमने मिळवलेला होता.

इथे माझ्या कामाचा विषय येतो. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या रॅकमध्ये ठेवलेले असतात. याला को-लोकेशन म्हणतात. त्यांची ऑर्डर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात पोचते. तुमचा फोन आधी रोह्याच्या टॉवरशी बोलणार, मग अ‍ॅपच्या सर्व्हरशी, मग ब्रोकरच्या, मग कुठे एक्स्चेंजशी. मी घरी बसून बनवलेला बॉटही याच रांगेत उभा राहणार. शिवाय प्रत्येक व्यवहारावर ब्रोकरेज, कर, शुल्क आहेच. २०२३-२४ मध्ये हा खर्चच माणशी सरासरी २६,००० रुपये होता. कितीतरी जणांचा तो दीड-दोन महिन्यांचा पगार झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. दक्षिण कोरियात एकेकाळी कोस्पी २०० निर्देशांकाचे ऑप्शन जगात सर्वाधिक खेळले जायचे. २०१२ मध्ये तिथल्या यंत्रणेने एका सौद्याचा आकार पाचपट केला आणि उलाढाल धाडकन खाली आली. आपल्या सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून तोच मार्ग धरला: सौद्याचा किमान आकार १५ लाख रुपये, आणि दर आठवड्याची एक्सपायरी प्रत्येक एक्स्चेंजवर एकाच निर्देशांकाची.

आता दुसरी बाजू. 'इंडेक्स फंड घ्या आणि झोपा' असं सांगणारे खूप आहेत. तेही अर्धवट आहे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. ३४ वर्षं! १९८९ मध्ये नोकरीला लागलेला माणूस निवृत्तीला आला. म्हणूनच जीपीआयएफ अर्धा पैसा देशाबाहेर आणि अर्धा रोख्यांत ठेवते. पुढे काय होणार हे आपल्याला कळत नाही, हे त्यांनी मान्य केलंय.

आणि 'मग बँकच बरी' म्हणणाऱ्यांना पेणची आठवण पुरे. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले आणि हजारो कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. तेव्हा ठेवीवर विम्याचं संरक्षण फक्त १ लाखापर्यंत होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत आहे. यूएस-६४ सुद्धा लोकांना सरकारी म्हणून बिनधोक वाटायची, आणि जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्रीच थांबवावी लागली. जमिनीचंही तसंच. रायगडात प्लॉटचे भाव वाढतात हे खरं, पण आजारपणात प्लॉटचा एक कोपरा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

धडा एकच: सगळं एका जागी नको. आणि जे करायचं ते स्वस्तात.

स्वस्तात म्हणजे काय, ते हिशेबाने बघू. महिन्याला ५,००० रुपये, ३० वर्षं. खिशातून जातात १८ लाख. हिशेबापुरता वर्षाला १२ टक्के परतावा धरला तर होतात सुमारे १ कोटी ७६ लाख. तोच परतावा खर्चामुळे ११ टक्के झाला तर सुमारे १ कोटी ४१ लाख. एका टक्क्याने ३५ लाख गेले! १२ टक्के मिळतीलच असं कुणी सांगू शकत नाही, पण खर्च मात्र नक्की कापला जातो. म्हणून फंड घेताना 'डायरेक्ट' की 'रेग्युलर' हे बघा. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन मिळतात. त्यात एजंटचं कमिशन नसतं.

तर या आठवड्याचं काम. एक, यूएएन चालू आहे का, पासबुकात ठेकेदाराने भरलेली रक्कम दिसते का आणि नॉमिनी लावलाय का, ते तपासा. आपल्याकडे ठेकेदार बदलला की जुना पीएफ काढून खायची सवय आहे. तो नव्या खात्यात वळवा. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि एवढं व्याज एफडीवर सहज मिळत नाही. दोन, तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवा. तीन, ते झाल्यावरच, पाच-सात वर्षं लागणार नाहीत असे पैसे इंडेक्स फंडात, झेपेल तेवढे, ५०० का असेना. चार, टेलिग्रामवर टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक दिला तर सेबीच्या साइटवर जुळवून बघा. बहुतेकदा समोरचा तुम्हाला ब्लॉकच करेल, तेही बरंच.

आणि ज्याचा तोटा आधीच झालाय त्याला एक सांगते. 'गेलेले परत काढतो' म्हणून पुन्हा उतरू नकोस. सेबीच्या त्याच अभ्यासात, तोटा होऊनही खेळत राहिलेले तीन-चतुर्थांशाहून जास्त होते. कर्ज झालं असेल तर घरी एका माणसाला तरी खरा आकडा सांग. अ‍ॅपवर एफ अँड ओचा विभाग बंद करता येतो. तो आजच बंद कर.

पुढच्या भागात पीएफ ट्रान्सफरचा फॉर्म टप्प्याटप्प्याने बघू. पासबुक उघडून बसा. भेटूच!