सोलापूरचे चार दिवस आणि आपण



नववीच्या वर्गात मी स्वातंत्र्यलढा शिकवीत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, यात आपलं कोणी होतं का?" मी घाईघाईने दोन मोठी नावे सांगितली आणि पुढचा धडा उघडला. मुलाचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. ते राहिलेले उत्तर आज देतो.

आपल्या पुण्यात येरवड्याचा तुरुंग आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी तेथे सोलापूरच्या चौघांना फाशी देण्यात आली. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करीत आणि 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. ही चार नावे नुसती वाचली तरी 'आपलं कोण?' या प्रश्नाचे उत्तर मिळते.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, चौक्या जळाल्या. पुढे काही दिवस शहरातून सरकारचा अंमल उठला आणि स्वयंसेवकांनी रहदारीसुद्धा सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा आला. गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरला!

हे चार दिवस आपण पाठ करतो आणि तेथेच चुकतो. लोक एका दिवसात उठत नाहीत. गिरण्यांनी निरनिराळ्या जाती-धर्मांची माणसे एका छपराखाली आणली होती, मजुरीचे दुःख सर्वांचे एक होते आणि ते कागदावर मांडणारी माणसे त्यांच्यातच होती. तसेच, लष्करी कायद्याने शहर गप्प झाले म्हणून चळवळ संपली नाही. स्वातंत्र्य यायला १९४७ साल उजाडले.

म्हणून भोवतालच्या बदलाकडे पाहताना तीन प्रश्न विचारा. दुःख कोणाचे? ते मांडतो कोण? आणि पहिल्या पराभवानंतर टिकून राहतो कोण?

आपल्या मोहल्ल्यातील मुलगी दप्तर घेऊन कॉलेजात जाते, हाही मोठा बदल आहे. त्यासाठी मिरवणूक निघत नाही. पण ती बारावीला एकदा नापास झाली की घरात म्हणतात, "पुरे झालं आता शिक्षण, स्थळं बघा." पालकहो, एका निकालावर तिचा लढा संपवू नका. तिला पुन्हा परीक्षेला बसवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सनावळी पाठ कराच. पण त्या दिवसाच्या आधी काय घडले आणि नंतर काय उरले, हेही शिक्षकांना विचारा. आम्ही घाईत पुढचा धडा उघडला, तर आम्हाला थांबवा.