साबुदाण्याच्या सांडपाण्यातला गॅस

उपासाला आपण जो साबुदाणा भिजवतो, तो बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे टॅपिओकाचे कंद सोलून, किसून त्यांचं दूध गाळतात आणि निवळत ठेवतात. स्टार्च तळाशी बसतो. वरचं आंबूस पाणी आणि त्यातला गाळ उघड्यावर सोडला, की नाक धरूनच तिथून जावं लागतं.

हाच गाळ हवाबंद टाकीत कुजवला तर मिथेन मिळतो. पण नुसता गाळ भराभर आंबतो, आम्ल साचतं आणि मिथेन तयार करणारे जिवाणू गारद होतात. त्यांना सामू सातच्या आसपास लागतो. शिवाय गाळात कार्बन भरपूर, नायट्रोजन तुटपुंजा. म्हणून सोबत शेण कालवायचं. त्यातून नायट्रोजन मिळतो, आम्लता आटोक्यात राहते, आणि जिवाणूंचं विरजणही आयतंच पडतं! कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० ते ३० ला १ आणि तापमान ३५ अंशांच्या जवळ असलं, की टाकी नीट चालते. वायूत साधारण ६० टक्के मिथेन असतो. तो बॉयलरला, उरलेली स्लरी शेताला.

नवी टाकी मात्र आधी शेणावरच सुरू करा आणि गाळ थोडाथोडा वाढवत न्या.