दूरचे घर आणि व्यवस्थापक

दिल्लीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाचे पुण्यात घर असावे आणि ते भाड्याने दिलेले असावे, यात आता नवल राहिलेले नाही. नळ गळतो पुण्यात आणि झोप उडते दिल्लीत. अशा वेळी पगारी व्यवस्थापक नेमावा की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

त्यातला पैशाचा भाग सोपा आहे. समजा, भाडे दरमहा २०,००० रुपये आहे आणि व्यवस्थापक त्यावर शेकडा ८ मागतो. वर्षाचे १९,२०० रुपये झाले. म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे भाडे. त्याच्या दक्षतेमुळे घर वर्षातून एक महिना कमी रिकामे राहिले, तर खर्च भरून निघाला. भाडेकरू वर्षानुवर्षे टिकणारा असेल, तर हे गणित जुळणे कठीण. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. व्यवस्थापक ठेवल्याने ती वाढत नाही.

अवघड भाग आहे तो जबाबदारीचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार मुखत्याराने आपल्या अधिकारात केलेले कृत्य मालकाला बांधून घेते. व्यवस्थापक श्रम उचलतो. उत्तरदायित्व मालकाकडेच राहते. म्हणून त्याच्याकडे काम सोपवावे, सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊ नये. भाडे थेट मालकाच्या खात्यात यावे; किरकोळ दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा घालावी; मोठ्या खर्चाला आधी संमती घ्यावी लागावी.

पुष्कळांना वाटते की, गावातला एखादा नातलग हे काम फुकट करील. तो करतोही, परंतु भाडेकरूची तक्रार महिनाभर पडून राहिली, तरी भिडेपोटी त्याला जाब विचारता येत नाही. त्यात हाल होतात ते भाडेकरूचे. मुखत्याराने मागणी होताच हिशेब द्यावा, असे करार कायदा सांगतो. त्यातली मागणी मालकानेच करावयाची असते. जो नियमाने हिशेब मागू शकेल, त्याने व्यवस्थापक अवश्य नेमावा. ज्याला त्या घराकडे पुन्हा पाहावयाचेच नाही, त्याने ते विकण्याचा विचार केलेला बरा.