त्यातला नेमका कुठला?

आज एकाच नावाच्या अनेक माणसांविषयी बोलणार आहे. विषय गमतीचा आहे, आणि सुरुवातही गमतीनेच करू. पुढे मात्र तो गंभीर होत जातो.

१९९४ साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघात दोन रोनाल्डो होते. एक अनुभवी बचावपटू, दुसरा सतरा वर्षांचा पोरगा. पोर्तुगीज भाषेत नावाचं शेपूट बदललं की थोरला-धाकटा असा फरक करता येतो. त्यामुळे बचावपटू झाला रोनाल्डाव आणि पोरगा झाला रोनाल्डिन्हो. हाच पोरगा पुढे जगाचा रोनाल्डो झाला. काही वर्षांनी संघात आणखी एक रोनाल्डो आला आणि रोनाल्डिन्हो हे नाव त्याच्याकडे गेलं. २००२चा विश्वचषक या दोघांनी मिळून जिंकला. आणि आज माझ्या नातवासमोर रोनाल्डो म्हणा, त्याला आठवतो तो चौथाच, पोर्तुगालचा क्रिस्टियानो!

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीतच आहे. म्हणून तर पेशवाईत दोन बाजीराव झाले. एकाने मराठ्यांचा दरारा उत्तरेत नेला, दुसऱ्याच्या हातून १८१८ साली पेशवाई गेली. 'थोरले' हा एक शब्द विसरलात, तर आजोबांचा पराक्रम नातवाच्या नावावर जमा होतो.

मोहम्मद रफी म्हटलं की तुमच्या कानात गाणं सुरू होतं. पण केरळच्या फुटबॉल रसिकांना याच नावाचा आपला आघाडीचा खेळाडूही आठवतो. २०१६च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, कोचीमध्ये, त्याने केरळ ब्लास्टर्ससाठी गोल केला. त्याआधी २०१४च्या अंतिम सामन्यात कोलकात्यासाठी विजयी गोल करणारा होता मोहम्मद रफीक. गाणारा वेगळा, रफी वेगळा, रफीक वेगळा.

इथपर्यंत गंमत. आता विद्यापीठात चला. मायकेल जॉर्डन नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत, मशीन लर्निंगमधले फार मोठे संशोधक. त्यांना बास्केटबॉलपटू समजून कोणी सही मागितली, तर हसून सोडून देता येईल. पण दोन संशोधकच एका नावाचे असले तर? वांग, ली, झांग ही चीनमधली आडनावं कोट्यवधी लोकांची आहेत. शोधनिबंधावर आडनाव आणि एक आद्याक्षर एवढंच छापलं, तर काम कोणाचं आणि श्रेय कोणाला हे कळेनासं होतं. नोकरी, बढती, अनुदान सगळं त्या श्रेयावर ठरतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या संशोधक स्त्रियांचं उलटं होतं. बाई एकच, पण कागदावर दोन व्हायच्या आणि आधीचं काम दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायचं. यावर उपाय म्हणून २०१२ साली 'ऑर्किड' नावाची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी ओळख क्रमांक. नाव बदललं तरी क्रमांक तोच.

हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या सुभेदार साहेबांना हे केव्हाच ठाऊक होतं!

फौजेत शीख, गुरखा, गढवाली पलटणींमध्ये एकाच नावाचे चार-पाच जवान सहज सापडतात. मग नावापुढे सैनिक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे लावतात. 'पैंतालीस को बुलाओ' म्हटलं की नेमका तोच माणूस हजर. बाहेरच्याला वाटतं, माणसाचा नंबर केला. तसं नाही. नंबर लावला म्हणून तो गर्दीत हरवला नाही.

एकदा चौकीवर तार आली, वडील वारल्याची. त्या नावाचे दोघे जवान हजर होते आणि तारेत क्रमांक नव्हता. आमच्या सुभेदार साहेबांनी तार खिशात ठेवली. दोघांना वेगवेगळं बोलावून गावाचं नाव आणि पोस्ट ऑफिस विचारलं, रजिस्टरशी ताडून पाहिलं, आणि मगच योग्य माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासामुळे एका मुलाला जिवंत बापाचा शोक करावा लागला नाही.

आता सारागढी. १२ सप्टेंबर १८९७. छत्तीसाव्या शीख पलटणीचे एकवीस जवान हजारोंच्या वेढ्याशी लढत एकूण एक कामी आले. त्यांच्यापैकी गुरमुख सिंग आरशाच्या यंत्राने लढाईची खबर शेवटपर्यंत कळवत राहिला, मग परवानगी मागून यंत्र आवरलं आणि बंदूक उचलली. ही कथा तुम्ही ऐकली असेल. पण त्या एकवीस जणांची यादी कधी नीट वाचली आहे का? त्यात गुरमुख सिंग दोन आहेत. भगवान सिंगही दोन आहेत. त्यांना वेगळं ठेवतो तो फक्त क्रमांक. आपण एका गुरमुख सिंगची कथा सांगतो आणि दुसरा नकळत त्याच्यात विरघळून जातो. तोही त्याच दिवशी, त्याच भिंतीआड पडला. एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. दोन गुरमुख, दोन पदकं, दोन घरं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नाव सारखं असण्यात कोणाचाच दोष नाही. नावावरून निकाल देऊन टाकण्यात आहे. हल्ली फोनवर बातमी येते, अमुक नावाच्या माणसाने तमुक केलं. आपण लगेच ओळखीतल्या त्या नावाच्या माणसाचा विचार करतो आणि निरोप पुढे ढकलतो. त्याआधी विचारा, त्यातला नेमका कुठला? वडिलांचं नाव काय? गाव कुठलं?

आपण मराठी माणसं तर तिहेरी नावाची. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तुमच्यापैकी कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादेत राहतं. तिकडच्या अर्जात मधलं नाव कधी गळतं, कधी नुसतं अक्षर उरतं. निवृत्तीनंतर मी माजी सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे कागद पाहतो. पतीच्या सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. ती बाई तीच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, फक्त कागदाला ठाऊक नसतं, आणि पैसे महिनोन्‌महिने अडतात.

तेव्हा हे ऐकून झालं की घरातले कागद काढा. आधार, बँक पासबुक, पेन्शनचा आदेश शेजारी ठेवा आणि नावं अक्षर-अक्षर जुळवून पाहा. आईचे कागद आधी पाहा. जय हिंद.