ल्यूपसची औषधे आणि फ्लूची लस



आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु कामगार संघटनेत रजेच्या अर्जांबरोबर येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता माणसाला पुष्कळ शिकावे लागते. 'ल्यूपस' हा शब्द आम्हांस तेथेच प्रथम भेटला. त्याविषयी पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. या रोगाच्या दहा रोग्यांत नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन कर्त्या वयातल्या. परक्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी फौज बाळगलेली असते, तीच येथे आपल्या सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर चाल करून जाते. औषधे त्या फौजेला आवर घालतात. पण फ्लूची लस काम करते तीही याच फौजेच्या बळावर. लस टोचली की तिच्यातील विषाणूचे प्रथिन ओळखून शरीरातील बी-पेशी प्रतिपिंडे तयार करू लागतात. त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. ज्यांचे हात आपणच बांधून ठेवले, त्यांच्याकडून हे काम पुरतेपणी कसे व्हावे?

यावर कोणी म्हणते, "मग लस घेऊन उपयोग काय?" कोणी म्हणते, "चार दिवस गोळ्या बंद ठेवू, म्हणजे लस नीट लागेल." ही दोन्ही मते आम्हांस सारखीच घातक वाटतात.

कारण सगळी औषधे एका मापाची नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरचे औषध. ते लसीच्या वाटेत फारसे येत नाही. प्रेडनिसोलोनची मात्रा जितकी मोठी, तितका अडथळा अधिक. अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट यांनीही प्रतिसाद उणावतो. रिटुक्सिमॅब तर बी-पेशींनाच नाहीसे करते. त्याच्या इंजेक्शननंतर काही महिने लसीला मिळणारे उत्तर फार क्षीण असते.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दक्षिण कोरियात सांध्यांच्या ऱ्हुमॅटॉइड रोगाच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला; तो 2018 साली प्रसिद्ध झाला. लस टोचल्यावर दोन आठवडे ज्यांनी हे औषध थांबवले, त्यांच्यापैकी 75.5 टक्क्यांना समाधानकारक प्रतिसाद मिळाला. ज्यांनी चालू ठेवले, त्यांच्यापैकी 54.5 टक्क्यांना. दोन डोस चुकवण्याने एवढा फरक! हे रोगी ल्यूपसचे नव्हते, हे मात्र ध्यानात असू द्यावे. पुढे अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शनात म्हटले की, रोग काबूत असेल तर फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावे. बाकीची औषधे चालूच ठेवावीत. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनीही लसीसाठी वाट पाहू नये. जमल्यास त्याची पुढची पाळी लसीनंतर निदान दोन आठवडे लांबवावी.

हे सारे डॉक्टरांच्या संमतीने करावयाचे, शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे. दीर्घकाळ चाललेले प्रेडनिसोलोन एकाएकी सोडले तर जिवावर बेतते, कारण तोवर शरीराने आपले स्वतःचे तसले द्रव्य करणे जवळजवळ सोडून दिलेले असते.

लसीने ल्यूपस उसळतो, अशीही एक भीती आहे. पाहण्यांत तसे गंभीर काही आढळलेले नाही. नाकात फवारण्याची जिवंत विषाणूंची लस तेवढी या रोग्यांनी टाळावी. दंडात टोचतात ती मृत विषाणूंची असते. आणि अर्धामुर्धा प्रतिसाद म्हणजे शून्य नव्हे. रुपयाची मागणी करून आठ आणे पदरात पडले तर ते आठ आणे कोणी रस्त्यावर फेकून देत नाही, हे आम्हांस वाटाघाटींनी शिकवले आहे.

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. 2009 साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही ऑगस्टात. तेव्हा पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे याच दिवसांत, डॉक्टरांना विचारावे. आणि घरात अशी रुग्ण असेल तर नवऱ्याने, सासूने, शाळेत जाणाऱ्या मुलांनीही लस टोचून घ्यावी. तिच्या शरीराला जे जमत नाही, ते काही अंशी त्यांच्या शरीरांनी करावे.