राखीगढीचं हाड आणि ‘मूळचे कुठले?’

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला वारंवार ऐकावा लागतो. हल्ली त्यात डीएनएचा दाखलाही देतात. म्हणून डीएनए खरोखर काय सांगतो, ते पाहू.

डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांतला मजकूर. निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून आलेला. मृत्यूनंतर त्याचे तुकडे होतात. उष्ण, दमट हवेत तो लवकर नष्ट होतो. कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या टणक हाडात तो सगळ्यांत जास्त टिकतो. जुन्या तुकड्यांच्या टोकांशी ठरावीक रासायनिक बदल झालेले असतात. त्यांवरून तो खरोखर प्राचीन आहे की हाताळणाऱ्याचा मिसळलाय, हे कळतं.

हरियाणातल्या राखीगढीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या पथकाने उत्खनन केलं. तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा पुरेसा डीएनए मिळाला. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीत मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा अंश नव्हता. आज तो असंख्य भारतीयांत आहे. म्हणजे नंतरही माणसं येत राहिली, मिसळत राहिली. भारतीय मुस्लिमांवरच्या अभ्यासांतही वारसा बहुतांशी आसपासच्या समाजांशी जुळणाराच दिसतो.

पण तो जुळला नसता, तरी आपला हक्क कमी झाला नसता. हाडातून त्या स्त्रीची भाषा वाचता येत नाही, श्रद्धाही नाही. नागरिकत्व संविधान आणि कायदा ठरवतो. कुणी डीएनएचा दाखला दिला, तर शांतपणे विचारा: नमुने किती, कुठल्या काळातले, तुलना कुणाशी?