मळीतलं मँगनीज

सावलीहून मूलमार्गे चंद्रपूरला जाताना, शहर जवळ आलं की एक जुना कारखाना लागतो, महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट. 2011मध्ये तो ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीत विलीन झाला. इथं पोलाद बनत नाही, पोलादाला लागणारं फेरोमँगनीज बनतं.

मँगनीजचं खनिज आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले, की जड धातू तळाशी बसतो आणि वर तरंगते धातुमळी. धान भरडल्यावर कोंड्यात कणी राहते ना, तसं या मळीतही मँगनीज उरतं. थोडंथोडकं नाही, त्याचा ऑक्साइड शेकडा 30च्या आसपास असू शकतो! मग ती फेकायची कशाला? थंड करून फोडायची, तिच्यात गारगोटी आणि कोक मिसळायचा आणि पुन्हा भट्टीत घालायची. कोकमधला कार्बन प्राणवायू ओढून घेतो. गारगोटीतलं सिलिकॉन आणि मळीतलं मँगनीज मोकळं होऊन एकत्र येतं. हेच सिलिकोमँगनीज.

या दुसऱ्या भट्टीचीही मळी निघतेच. पण तिच्यात मँगनीज फारच कमी. ती भरावाला, रस्त्याला चालते. आणि सिलिकोमँगनीज? ते पोलादाच्या रसातला नको असलेला प्राणवायू काढतं, पोलादाला बळकटी देतं. तुमच्या घराच्या स्लॅबमधल्या सळईतही मँगनीज आहेच.